टू लावावा की आयएनजी

फायलींच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून रेकॉर्डकीपर घोरत होते आणि नेमके साहेब आले. या कचेरीत रेकॉर्डकीपरांची बावीस वर्षं झाली होती, त्यातली निम्मी तरी त्याच गठ्ठ्यावर.

"पाचच्या आत माफीनामा द्या. इंग्रजीत!" साहेब गरजले. "नाहीतर उद्यापासून घरीच झोपा."

प्रश्न नोकरीचा होता. पेनाचं टोपण चावून चावून रेकॉर्डकीपरांनी एक वाक्य काढलं, 'आय हॅव स्टॉप्ड टू स्लीप इन ऑफिस.' म्हणजे, ऑफिसात झोपणं बंद केलं आहे. टायपिस्टबाईंनी ते टाइप करून साहेबांच्या टेबलावर ठेवलंसुद्धा. मग मोठ्या कौतुकाने रेकॉर्डकीपरांनी नववीतल्या लेकीला फोन लावला.

"बाबा, घात केलात!" लेक किंचाळली. "स्टॉप्डपुढे टू लावला की अर्थ होतो, झोपण्यासाठी थांबलोय. स्लीपला आयएनजी लावा!"

"म्हणजे मी इथे झोपायलाच थांबलोय, असं लिहून दिलं मी?"

"सहीनिशी!"

रेकॉर्डकीपरांनी ताबडतोब दुरुस्तीचं दुसरं पत्र लिहायला घेतलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. यांनी दिसेल त्या टूला हाकलून आयएनजी बसवला. 'स्टॉप्ड स्लीपिंग' तर झालंच, पण पुढे 'यापुढे थांबून विचार करीन' असं लिहायचं होतं, ते झालं 'आय विल स्टॉप थिंकिंग.'

"बाबा," फोनवर ते ऐकून लेक थंडपणे म्हणाली, "आता तुम्ही विचार करणंच बंद करताय."

"अगं, तूच म्हणालीस ना आयएनजी लावा!"

"सगळीकडे नाही हो!"

"मग आधी नाही का सांगायचं? पत्र गेलं की आत!"

पाच वाजता बोलावणं आलं. साहेबांपुढे दोन्ही पत्रं होती आणि हातात लाल पेन.

"पहिलं पत्र झकास. दुसऱ्यात घोडचूक. स्टॉप्ड स्लीपिंग? अहो, थांबलाय की झोपताय? एक काय ते ठरवा." त्यांनी लाल रेघ ओढली. "तुमचं ते पहिलं वाक्य आवडलं मला. दुपारी दोनला सगळेच पेंगतात इथे. उद्या झोपबंदीचं परिपत्रकच काढतो."

नोकरी वाचली म्हणून रेकॉर्डकीपरांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर परिपत्रक लागलं, 'ॲट टू पी.एम. ऑल स्टाफ मस्ट स्टॉप टू स्लीप.' लेकीने फोनवर अर्थ सांगितला, "दोन वाजता सर्वांनी काम थांबवून झोपायचं. सक्तीने."

हुकूम तो हुकूम. दोनच्या ठोक्याला अख्ख्या कचेरीने माना टाकल्या. साहेब तणतणत बाहेर आले, तेव्हा टायपिस्टबाईंनी डोळे न उघडताच फळ्याकडे बोट केलं. साहेबांनी आपलीच सही पाहिली. आपलं इंग्रजी चुकलं म्हणायची सोय नव्हती. ते मुकाट्याने केबिनमध्ये गेले आणि थोड्याच वेळात आतून घोरणं ऐकू आलं.

जागे राहिले एकटे रेकॉर्डकीपर. त्यांनी गठ्ठा बदलून पाहिला, चष्मा काढून पाहिला, पण डोळ्याला डोळा लागेना. कचेरीचं काम म्हणून सांगितलेली एकही गोष्ट त्यांना बावीस वर्षांत वेळेवर जमली नव्हती.

पाच वाजता त्यांना पुन्हा बोलावणं आलं. परिपत्रकाचं पालन का केलं नाही, ते लेखी द्यायचं होतं. इंग्रजीत.