साळवे सरांचा उतार

साळवे सर शेजारी राहायला आल्यापासून माझ्या अर्ध्या म्हणी जप्त झाल्या आहेत. मी 'लंगडी सबब' म्हणालो की ते चहाचा कप खाली ठेवतात आणि विचारतात, "लंगड्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, हे तर त्यांच्यासमोर उच्चारायची सोयच नाही. नगरपालिकेच्या बहिऱ्या कारभारावर बोलायचं तर मला आधी दार लावून घ्यावं लागतं.

यात त्यांचा तरी काय दोष? सारी नोकरी पुण्याच्या एका धर्मशास्त्राच्या कॉलेजात गेली. बायबलमधले आंधळे-पांगळे हाच त्यांचा विषय. पांगळ्यानं देवाच्या दारात फक्त बरं व्हायलाच यावं का, नुसतं गायला, जेवायला, भांडायला का येऊ नये, यावर ते परदेशात भाषणं देऊन आले. निवृत्त झाले आणि परभणीला थोरल्या बहिणीकडे राहायला आले. अक्काचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. आईवडील गेल्यावर त्या घरात ती आणि तिची व्हीलचेअर, एवढंच उरलं होतं.

अक्का चर्चला जात नाही हे कळल्यावर सर पेटले. पायऱ्यांमुळेच जात नसणार, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. पाळकसाहेबांचं प्रवचन रंगात आलं की हे मधेच उठून पायऱ्यांचं काय झालं ते विचारायचे. कंटाळून कमिटीनं एकदाचा सिमेंटचा उतार बांधला. तो फार चढा निघाला, तर सरांनी तो फोडून पुन्हा बांधायला लावला. लोक त्यांना बघून रस्ता बदलू लागले.

उतार सुरू व्हायचा त्या रविवारी हार आणलेला, मंडळी दारात उभी, आणि अक्काचा पत्ता नाही. सर माझ्या स्कूटरवर बसून घरी आले. अक्का ओसरीवर मेथी निवडत होती. न्यायला आलेली रिक्षा तिनं परत पाठवली होती.

"उतार लय चांगला झालाय म्हणत्यात," ती म्हणाली. "पन मला न्हाई यायचं रे. तिथं गेलं की समदे डोक्यावर हात ठेवून माझ्या पायासाठी प्रार्थना करत्यात. लहानपनापासून करायलेत. आई गेली त्या आठवड्यातबी पायासाठीच केली. मी एकटी पडले, त्याच्यासाठी कुनीच न्हाई केली."

सर तिथंच खाली बसले. मला तर मान वर करवेना, इतकं वाईट वाटलं.

"मीसुद्धा पायांवरच लिहीत बसलो, अक्का," ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी मला चर्चला जाऊन सांगायला लावलं, की आमची वाट पाहू नका, उपासना सुरू करा. मी स्कूटर वळवली तेव्हा अक्कानं मेथीची अर्धी जुडी त्यांच्यापुढं सरकवली होती. सर डोळे पुसत पानं खुडत होते आणि ती त्यांना म्हणत होती, "एवढं झालं की जेवून घेऊ. दोघांचा भात टाकलाय."