ठरवून हरणारे आपटेकाका

आपटेकाका टेनिसवर पैसे लावतात. तेही मॅचच्या आधी नाही, मॅच चालू असताना. हे लिहितानाही माझा हात अडखळतो, कारण कॅनडातल्या आमच्या हॅमिल्टनच्या मराठी मंडळाने गणपतीत हाउझी ठेवली, तेव्हा "देवासमोर जुगार?" असं गरजून उठून गेलेला माणूस तो हाच. त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने अंताक्षरी खेळली.

काका आमचे शेजारी. मूळचे सांगलीचे, इथल्या स्टीलच्या कारखान्यातून मेटलर्जिस्ट म्हणून रिटायर झालेले. थंडीची चाहूल लागली की स्वतःच्या गाडीला विंटर टायर्स लावणार आणि आम्ही लावले की नाही ते बघायला आमच्या ड्राइव्हवेवरही चक्कर मारणार. बोलण्यात मात्र अजून भट्टीच. चहा असो की कुणाच्या मुलीचं स्थळ, "थांब गं, अजून तापलं नाही," हे ठरलेलं.

गेल्या हिवाळ्यात काकूंना स्ट्रोक आला. चालणं हळूहळू परत आलं, वाचा मात्र गेली ती गेलीच. थेरपिस्ट येऊन सफरचंद, घर, मांजर अशी चित्रं दाखवायची आणि काकू तिच्याकडे सभ्यपणे बघत बसायच्या. नवऱ्याचं एकही वाक्य दुरुस्त केल्याशिवाय न सोडणारी ही बाई! पुन्हा बोलतील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. प्रयत्न सोडू नका, एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून शनिवारी सकाळी डब्यात काहीतरी घेऊन मी काकूंपाशी बसायला जाते.

अशीच एकदा थालीपीठं घेऊन गेले. टीव्हीवर युरोपातली कुठलीशी लाल मातीवरची मॅच, सोफ्यावर काकू, शेजारी काका, आणि त्यांच्या हातातल्या फोनवर आकडे नाचत होते. मला वाटलं, शेअर्स असतील.

"काका, हे काय?"

"बेटिंग. लाइव्ह," काका म्हणाले. पोह्यात कांदा घातलाय, इतक्या सहज.

मी मटकन खाली बसले. माणसाने ओशाळावं की नाही? उलट शिकवणीच सुरू झाली.

"अगं नीलिमा, आधी लावतो तो मूर्ख. मोठी प्लेअर पहिला सेट हरली की सगळे घाबरतात, ती जिंकली तर मिळणारा भाव चढतो. आपण तिचे पाय बघायचे. ही निळ्या स्कर्टवाली दमलेली नाही, नुसती चिडलीय. चिडलेली परत येते, दमलेली येत नाही."

"पण काका, तुम्ही?"

"दुसरी सर्व्हिस बघ. पहिली सर्व्हिस म्हणजे स्थळाला पाठवलेला फोटो. माणूस कळतो तो दुसऱ्या सर्व्हिसमध्ये. आणि टीव्हीवर विसंबायचं नाही, टीव्ही मागे असतो. फोनवरचं पैसे लावायचं बटण गोठलं की समजायचं, तिकडे पॉइंट संपला."

देवाशपथ सांगते, काका म्हणत होते तस्संच होत होतं. निळीने दुसरा सेट घेतला. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. मग काका काकूंकडे वळून मोठ्याने म्हणाले, "पुढचा गेम निळीचा. लिहून ठेव." आणि त्यांनी दोन डॉलर लावले समोरच्या पिवळ्या स्कर्टवालीवर!

"काका, चुकून पिवळी दाबलीत!"

"चुकून नाही."

गेम निळीने घेतला, दोन डॉलर बुडाले. पुढच्या गेमला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. आता मात्र मी गारठले. एकीची वाचा गेली, आता दुसऱ्याचं डोकंही गेलं की काय? मी काकांना हाताला धरून किचनमध्ये नेलं.

"काका, मी आत्ताच्या आत्ता सस्काटूनला मंजूला फोन करणार." मंजू त्यांची मुलगी.

"कर खुशाल. पण आधी ऐक." काकांचा आवाज एकदम खाली आला. "मी नुसतं बघायला म्हणून शिकलो होतो गं, वेळ जात नव्हता. एकदा दोन डॉलर लावून पाहिले, ते खरंच चुकून भलतीवर लागले, आणि ही 'अंहं' म्हणाली. स्ट्रोकनंतरचा पहिला आवाज! मी चुकलो की तिला गप्प बसवतच नाही. सफरचंदाला काय बोलेल ती? सफरचंद काही चुकत नाही."

"मग खोटंखोटं लावा ना!"

"करून पाहिलं. ढिम्म. तिला कळतं. पैसे खरेच बुडावे लागतात."

"आणि मग तो सगळा अभ्यास कशाला?"

"चुकून कोणीही हरतो. ठरवून हरायचं तर बरोबर काय ते आधी कळायला नको? ते तिलाही पटवायला लागतं, म्हणून मोठ्याने सांगतो. तरच माझा मूर्खपणा तिच्या डोळ्यांत भरतो. आतापर्यंत 'अंहं' झालं, एकदा 'नको' झालं." काकांनी नाक पुसलं. "थेरपिस्टची सर्व्हिस चांगली आहे. पण हिला माझीच सवय."

मंजूला फोन करायचं राहिलंच.

बाहेर आलो तेव्हा शेवटचा सेट अगदी टोकाला आला होता. काका पुन्हा सुरात आले. "बघ हं, पिवळी पार दमलीय, गुडघ्यावर हात ठेवून उभी आहे. निळी शंभर टक्के जिंकणार!" आणि काकूंच्या डोळ्यांसमोर, मुद्दाम सावकाश, त्यांचं बोट पिवळीकडे निघालं.

काकूंचा बरा हात उशीवरून उठला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कपाळावर मला ओळखीची आठी पडली.

"अहो!" काकू म्हणाल्या.

काकांचं बोट हवेतच राहिलं. फोन हातातून निसटून कार्पेटवर पडला. टीव्हीवर कोणीतरी जिंकलं, कोण ते आम्ही कोणीच पाहिलं नाही. लग्न झाल्यापासून त्या घरात काकांना दुसरं नाव नव्हतंच, आणि हिवाळ्यापासून त्या नावाने त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

"ओ," काका म्हणाले.

काकू रागाने बघत होत्या. पुढे बरंच सुनवायचं होतं त्यांना, पण येत तेवढंच होतं.

"अहो!"

"ओ," काका म्हणाले आणि काकूंच्या पायाशी खालीच बसले. "ओ गं. बोल."