अनाथ ग्राही आणि आईंचा गुडघा

जे दुखणे मोजता येत नाही ते नसते, हे वैद्यकशास्त्राचे पहिले तत्त्व आहे. (दुसरे तत्त्व मोजण्याचे यंत्र बिघडल्यावर आठवते.)

आमच्या वेदनाशमन विभागात हे तत्त्व काटेकोर पाळले जाते. पेशीच्या गाभ्यात काही कुलपे असतात, त्यांना ग्राही म्हणतात. योग्य किल्ली बसली की पेशीचा कारभार बदलतो आणि देवाची व समितीची कृपा असल्यास दुखणे थांबते. ज्या ग्राहीची किल्ली सापडलेली नाही, त्याला शास्त्रात ‘अनाथ’ म्हणतात. असा एक अनाथ आमच्या विभागप्रमुख सरांनी ऐन तारुण्यात पदरात घेतला. त्याच्या जिवावर आजवर कितीतरी विद्यार्थी पीएच.डी. मिळवून डॉक्टर झाले. अनाथ अनाथच राहिला.

तपासणी सोपी आहे. उंदराला औषध देऊन गरम पत्र्यावर ठेवायचे. पाय उचलला तर दुखते, नाही उचलला तर गुण आला. (एक उंदीर पत्रा तापण्यापूर्वीच मेला होता. त्याचा निकाल विभागात अजून सर्वोत्तम मानला जातो.)

एकदा सरांच्या आई विभागात आल्या. लिफ्ट उपकरणांसाठी राखीव असल्याने कठड्याला धरून जिना चढल्या आणि खुर्चीत टेकल्या.

“तुझं ते औषध माझ्या गुडघ्याला चालेल का रे?”

“आई, ते अजून उंदरांपर्यंतच आलंय.”

“उंदरांचे गुडघे दुखतात?”

“नाही गं, आम्ही दुखवतो.”

“मग माझा आयता दुखतोय की!”

नियमांत आयत्या दुखण्याची तरतूद नव्हती. तरी सर मातृभक्त. त्यांनी आईंना ‘औषध न दिलेल्या गटात’ सन्मानाने सामावून घेतले. रोज जेवताना ते विचारीत, “दुखतंय?” आई “हो” म्हणत. मग नेमके कुठे, दहापैकी किती, कालच्यापेक्षा कमी की जास्त, अशी चौकशी चाले आणि आईंचे ताट निवून जाई. हळूहळू आई “हो”ऐवजी “असू दे” म्हणू लागल्या. पुढे तेही म्हणेनाशा झाल्या. जिना तर त्यांनी सोडूनच दिला, त्यामुळे पाय उचलण्याचे प्रमाण शून्यावर आले.

सरांच्या डोळ्यांत पाणी आले. विभागाला हुरूप चढला आणि आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरची वडीलधारी माणसे तपासली. माझे वडील पाठीबद्दल कित्येक महिन्यांत अवाक्षर बोललेले नाहीत. बहुतेकांकडे हेच आढळले. (लेखापालांच्या सासूबाई अजून कण्हतात. त्यांना अपवाद म्हणून वगळले.) निष्कर्ष असा निघाला की, पुरेशी विचारपूस करून पुढे काहीच न केल्यास दुखणे आपोआप बंद होते. दुष्परिणामांची एकही तक्रार आलेली नाही.

या उपचाराला चिठ्ठी लागत नाही, परवानगीही नाही. तुमच्या घरात कुणी अलीकडे दुखण्याबद्दल बोलायचे थांबले असेल, तर आमच्या विभागातर्फे तुमचे अभिनंदन. फक्त खात्री करायला म्हणून पलीकडच्या खोलीत जाऊन विचारू नका. निकाल बिघडतो.