हायब्रिड सायकलची दुटप्पी चाल

माझ्या नजरेतून काही सुटत नाही. सुटलंच, तर ते मुळात महत्त्वाचं नव्हतं असं समजावं. पोटासाठी मी चष्म्याचं दुकान चालवतो. पण लोकांना भिंगं देणारा हा माणूस स्वतः भिंतीपलीकडचंही पाहतो, हे आमच्या गल्लीत अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. बायकोच्याही नाही, आणि ती तर माझ्याच घरात राहते.

परवा तिने जाहीर केलं, "मी आता ऑफिसला सायकलने जाणार." शाळेनंतर तिने सायकलला हात लावला नव्हता, आणि लग्नानंतर स्वतःसाठी काही मागितल्याचंही मला आठवत नव्हतं. म्हणून हे प्रकरण मी हाती घेतलं. तिने ते मला दिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

सायकलच्या दुकानात तीन संशयित भिंतीला टेकून उभ्या होत्या. पहिली रेसिंगची. हँडल खाली वळलेलं, मान खाली घातलेली. "हिच्या मनात काहीतरी पाप आहे," मी बायकोच्या कानात पुटपुटलो. दुसरी डोंगरात चालवायची, जाडजूड टायरांची. हिने आयुष्यात एकदा तरी मारामारी केलेली असणार. तिसरी हायब्रिड. हँडल डोंगरवालीसारखं सरळ, चाकं रेसवालीसारखी सडपातळ.

"ही नक्की कुणाच्या बाजूची?" मी दुकानदाराला खिंडीत गाठलं.

"कुणाच्याच नाही, साहेब. ताठ बसता येतं आणि रस्त्यावर हलकी पळते. नव्याने चालवणाऱ्यांना हीच बरी."

"म्हणजे दोन्हीकडून खाते!"

"अहो, सायकल आहे ती," बायको म्हणाली आणि त्या दुटप्पी बाईवर बसलीसुद्धा. दुकानदार म्हणाला, घरी न्या, चालवून बघा, नाही जमली तर रविवारी संध्याकाळी परत आणा. इतका चांगुलपणा मला नेहमीच खटकतो.

शनिवारी सकाळी ती तळ्याला फेरी मारून आली ती लहान मुलीसारखी हसतच. "अहो, काय पळते हो!" आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंना तिने ती फेरी दोनदा सांगितली. मी मात्र गाफील राहिलो नाही. दुपारी दोघी झोपल्यावर मी सायकलची कसून तपासणी केली.

रविवारी ती तळ्यापर्यंतही पोचली नाही. घामाघूम होऊन, सायकल ढकलत परत आली.

"दगडासारखी जड झालीय. सायकलचं काय, मीच थकले असेन. काल नव्या नवलाईत जमून गेलं. संध्याकाळी देऊन टाका परत. पुन्हा सायकलचं नाव काढणार नाही मी."

तिचा चेहरा एवढासा झाला होता. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की माझा मेंदू दुप्पट वेगाने धावतो, दिशा कोणतीही असो.

पहिला तर्क असा की, दुकानदाराने रात्रीत सायकल बदलली. पण घंटीवर बायकोने लावलेला नेलपॉलिशचा ठिपका जागेवर होता. दुसरा तर्क, सायकलीच्या अंगातला डोंगर जागा झाला.

"आनुवंशिकता!" मी ओरडलो.

"जावईबापू, चहा घ्या," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवी घेऊन भाजीला गेल्या.

तिसरा तर्क बिनतोड होता. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर रोज तळ्याभोवती धावतात, आणि शनिवारी बायकोने त्यांना मागे टाकलं होतं. मी तडक खाली गेलो.

"काल संध्याकाळी कुठे होतात?"

"तुमच्या तोंडात," ते म्हणाले. "दाढ भरत होतो. विसरलात?"

मी जिभेने चाचपून पाहिलं. दाढ भरलेली होती. डॉक्टर सुटले.

वर आलो तर सासूबाई भाजी घेऊन परतल्या होत्या. त्यांनी बटाट्यांची पिशवी सायकलच्या सीटवर टेकवली आणि चपला काढू लागल्या. मागचं चाक खाली बसलं. त्यांनी वाकून टायर अंगठ्याने दाबला.

"अगं, हिच्यात हवा कुठाय?"

"हवा ना? माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

आणि कपाटातून दोन फुगलेल्या पिशव्या काढून टेबलावर ठेवल्या. तोंडं दोऱ्याने घट्ट बांधलेली, वर चिठ्ठ्या, 'पुढची' आणि 'मागची'. दोन जातींची सायकल म्हटल्यावर दोन्ही चाकांत एकच हवा आहे का, हे तपासायला नको? माणुसकी म्हणून थोडी थोडी आत शिल्लकही ठेवली होती. नमुना घेतल्यावर चाकं पुन्हा भरायची असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बायकोने आधी पिशव्यांकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे. मग ती सायकल घेऊन कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेली. तिथून ती थेट तळ्याकडे वळल्याचं मला खिडकीतून दिसलं. बऱ्याच वेळाने परत आली तेव्हा केस विस्कटलेले होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

"मी थकले नव्हते, आई!" ती दारातूनच म्हणाली. "मला जमतंय!"

तेवढ्यात दुकानदाराचा फोन आला. सायकल परत आणताय का, असं तो विचारत होता.

"सायकल? छे, ती माझी आहे आता," बायको म्हणाली. मग तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "पण घरातलं दुसरं काही परत घेता का हो? जुनं आहे. आवाज फार करतं, आणि काम एकही धड करत नाही."

अशा वेळी कसलेल्या नजरेला जास्त खुलासा लागत नाही. मी गुपचूप स्वयंपाकघरात गेलो आणि मिक्सर खोक्यात भरायला घेतला.