दाजीबाची दुनळी आणि दोन कुलुपं

एका जंगलात, मुलांनो, निवडणूक लागली होती. कोणतं जंगल ते विचारू नका. नाव सांगितलं तर तिथले लोक रागावतील, आणि नाही सांगितलं तर प्रत्येकाला ते आपलंच वाटेल. त्यातल्या त्यात दुसरं बरं.

त्या जंगलात दाजीबा नावाचा एक साळिंदर राहत होता. अंगावर हातहात लांब काटे, पण स्वभाव म्हणाल तर गरीब गाय. त्याचा रताळ्यांचा मळा होता, एक जुनी जीप होती, चंद्राक्का नावाची बायको होती आणि एक दुनळी बंदूक होती. बंदूक आजोबांची. मळ्याच्या राखणीसाठी म्हणून परवाना मिळालेला, तो आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून दाजीबाच्या नावावर आला होता.

दाजीबाने ती बंदूक जन्मात एकदाही उडवली नव्हती. आवाजाची भीती वाटायची. दसऱ्याला तेवढी खाली काढायची, तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं, आपट्याची पानं ठेवायची आणि पुन्हा भिंतीवर टांगायची. पण बाजारात गेला की लोक म्हणायचे, "या या, बंदूकवाले!" एवढं ऐकलं की दाजीबाचे काटे आपोआप उभे राहायचे.

चंद्राक्का म्हणायची, "अहो, अंगावर हजार काटे असून भिंतीवर बंदूक टांगणारे तुम्ही जगात एकटेच."

"खरंय गं," दाजीबा हसायचा. "पण काटे काय, सगळ्याच साळिंदरांना असतात. परवाना माझ्या एकट्याकडे आहे. तो सोडला तर माझ्यात आहे काय? रताळी!"

तर एके दिवशी टिटवी दवंडी पिटत आली. "ऐका हो ऐका! निवडणूक लागली आहे! सर्व परवानाधारकांनी आपापली हत्यारं उद्या दिवस मावळायच्या आत ठाण्यात जमा करावीत! न केल्यास परवाना कायमचा रद्द होईल हो!"

बंदूक जमा करायला दाजीबाची ना नव्हती. निवडणूक झाली की ती परत मिळणारच होती. पण 'परवाना' आणि 'रद्द' हे शब्द त्याने एका दमात कधी ऐकले नव्हते.

सकाळी उठल्याउठल्या त्याने परवान्याची मागची बाजू काढली. तिथे बारीक अक्षरात नियम छापले होते. आजोबांनी ते वाचले नव्हते, बापाने वाचले नव्हते. दाजीबाने ते चंद्राक्काला मोठ्याने वाचून दाखवले.

"गाडीतून नेताना बंदूक रिकामी असावी. पेटीत, कुलपात असावी. काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात असावीत. दोन्ही चालकाच्या हाताशी असू नयेत. परवाना जवळ बाळगावा. वाटेत विनाकारण थांबू नये."

"बाई गं," चंद्राक्का म्हणाली. "एवढी बांधाबांध तर मी पोरीला सासरी पाठवताना केली नव्हती."

दाजीबाने बंदूक उघडून दोन्ही नळ्यांतून आभाळ पाहिलं. रिकामी होती. त्यात कधी काही गेलंच नव्हतं. मग ती लोखंडी ट्रंकेत ठेवली. आजोबांच्या वेळची बारा काडतुसं पत्र्याच्या डब्यात ठेवली. दाबलं की बसणारी दोन कुलुपं आणली. आणि तिथे तो अडला.

"अगं, या दोन किल्ल्या राहणार माझ्या बंडीच्या खिशात. म्हणजे मी मनात आणलं तर वाटेत कधीही उघडू शकतो. म्हणजे दोन्ही हाताशीच झालं की!"

"मग किल्ल्या माझ्याकडे ठेवा."

"तुझ्या नावावर परवाना कुठे आहे? किल्ली तुझ्याकडे म्हणजे बंदूक तुझ्याकडे. दोघंही आत जाऊ!"

चंद्राक्काने कपाळावर हात मारला आणि ती भाकरी बांधायला आत गेली. ती आत गेली तिथेच घात झाला. कारण तेवढ्यात दाजीबाला एक युक्ती सुचली. ट्रंकेची किल्ली त्याने काडतुसांच्या डब्यात टाकली. डब्याची किल्ली बंदुकीच्या ट्रंकेत टाकली. आणि दोन्ही कुलुपं दाबली. खट. खट.

"आता काढा म्हणावं खोट!" दाजीबा स्वतःशीच म्हणाला. "बंदूक काढायची तर डबा उघडायला हवा, आणि डबा उघडायचा तर ट्रंक उघडायला हवी!"

हसू नका. हसायचं काम नाही. ही गोष्ट सांगणाऱ्याने एकदा कपाटाची किल्ली हरवू नये म्हणून कपाटातच ठेवली होती, तेव्हा मला तर हसायला तोंडच नाही.

दाजीबा जीप घेऊन निघाला. ट्रंक मागे, डबा ट्रंकेपासून लांब, परवाना छातीशी. वाटेत एक ओळखीची कोकीळ थांब थांब म्हणाली, पण हा थांबला नाही. नियम होता ना.

अर्ध्या वाटेवर नाका होता. तिथे हुप्पे हवालदार बसला होता. हा जातीचा वानर, हातात यादी, शेपटी आडव्या बांबूला गुंडाळलेली.

"मागे काय आहे?"

"बंदूक आणि काडतुसं," दाजीबा ऐटीत म्हणाला. "वेगवेगळी. कुलूपबंद. ठाण्यात जमा करायला चाललोय."

हवालदाराने यादीवरून बोट फिरवलं. "दाजीबा साळिंदर. आहे नाव. उघडा."

दाजीबाने खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात घातला. मग हात तिथेच राहिला.

"काय झालं?"

"हवालदारसाहेब, ट्रंकेची किल्ली डब्यात आहे."

"मग डबा उघडा."

"डब्याची किल्ली ट्रंकेत आहे."

हवालदाराने बराच वेळ डोकं खाजवलं. "हे असं करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझं मलाच सुचलं."

"एकट्याला?"

"हो."

"शाबास," हवालदार म्हणाला.

आता उघडल्याशिवाय तपासता येईना आणि तपासल्याशिवाय सोडता येईना. शेवटी हवालदाराने पंचनामा करायला घेतला. 'ट्रंक हलवली असता आतून खडखड असा आवाज आला. डबा हलवला असता आतून खुळखुळ असा आवाज आला. सदर साळिंदराचा चेहरा पडलेला दिसला.' एवढं लिहायला त्याला दुपार झाली. दाजीबाने भाकरी सोडलीसुद्धा नाही. परवान्यावर हात ठेवून तो नुसता उन्हाकडे बघत राहिला.

ठाण्यात पोचला तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला होता. तिथली फौजदारीण घोरपड होती. बाई कडक नव्हत्या, फक्त संथ होत्या.

"बाईसाहेब, ही ट्रंक घ्या, हा डबा घ्या आणि मला पावती द्या. तुमच्या पाया पडतो."

"ट्रंक घेता येत नाही. बंदूक घेता येते," घोरपड म्हणाली. "पावतीवर बंदुकीचा नंबर लिहावा लागतो. नंबर कुठे असतो?"

"नळीवर."

"आणि नळी?"

"ट्रंकेत."

"मग कुलूप तोडा."

दाजीबा दगड घेऊन धावला. घोरपडीने जीभ बाहेर काढून आत घेतली. "थांबा. निवडणुकीच्या दिवसांत ठाण्याच्या दारात कुलूप तोडून बंदूक बाहेर काढणार? ते कलम वेगळं आहे. माझीच चूक. तोडू नका."

मग दाजीबाने पाठीवरचा एक काटा उपटला आणि कुलपात घालून फिरवला. काटा मोडला. दुसरा उपटला. तोही मोडला. असे सतरा काटे मोडले. डोळ्यांत पाणी आलं. ते काट्यांचं होतं की परवान्याचं, त्याचं त्यालाही सांगता येईना.

"बाईसाहेब, आजोबांपासूनचा परवाना आहे हो. एकदाही उडवली नाही. नियमाबाहेर एक पाऊल टाकलं नाही. आजसुद्धा जे केलं ते नियमासाठीच केलं!"

"दिसतंय मला," घोरपड म्हणाली. "तेच तर वाईट वाटतं."

सूर्य मावळला. घोरपडीने शिक्का उचलला, त्यावर फुंकर मारली आणि परवान्यावर ठेवला. रद्द. यादी काढून दाजीबाच्या नावावर रेघ ओढली. तसा निरोप कावळ्याबरोबर नाक्यावर धाडला.

"आणि या बंदुकीचं काय करू?" दाजीबाने विचारलं.

"कुठली बंदूक?"

"ही, ट्रंकेतली!"

"यादीत तुमचं नाव नाही. म्हणजे तुमच्याकडे बंदूक नाही. ही नुसती ट्रंक आहे. घरी घेऊन जा. संधिप्रकाश आहे तोवर निघा."

दाजीबा परत निघाला. नाक्यावर त्याच्या पुढे तीन जीपगाड्या होत्या. निवडणुकीला उभा राहिलेला लांडगा आणि त्याची माणसं. प्रत्येक खिडकीतून एकेक बंदूक बाहेर आलेली, नळ्या आभाळाकडे. हुप्पे हवालदाराने बांबू वर केला आणि कडक सलाम ठोकला. गाड्या धुरळा उडवत गेल्या.

दाजीबाने सवयीने जीप थांबवली. "तपासा."

हवालदाराने यादी पाहिली. "नाव खोडलंय. जा."

"अहो, पण मागे बंदूक आहे!"

"असेल. यादीत नाही."

"आणि ते लांडगे?"

"ते यादीत कधीच नव्हते. यादी परवानेवाल्यांची. ज्याच्याकडे परवानाच नाही, त्याच्याकडून काय जमा करून घेणार? निघा आता, उगाच रस्ता अडवू नका."

घरी येऊन दाजीबा ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. "चंद्रे, मी आता कुणीच नाही गं. साधा साळिंदर. तोसुद्धा सतरा काटे कमी असलेला."

चंद्राक्काने त्याच्या पाठीला तेल लावलं. "मूर्ख आहात तुम्ही," ती म्हणाली. "पण आहात तसे असा. रताळं खाता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पांढराशुभ्र सदरा घातलेला एक कोल्हा उभा होता. लांडग्याचा खास माणूस. त्याने वाकून नमस्कार केला.

"दाजीबादादा आहेत का?"

दाजीबाने मागे वळून पाहिलं. त्याला दादा असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"साहेबांनी बोलावलंय," कोल्हा म्हणाला. "प्रचाराच्या गाडीत पुढे बसायला कुणीतरी वजनदार हवंय. काल तुम्ही नाक्यावरून उघड उघड बंदूक घेऊन गेलात आणि कुणाची अडवायची छाती झाली नाही. सगळ्या जंगलात तेच बोलताहेत."

"अहो, गैरसमज झालाय," दाजीबा कळवळून म्हणाला. "माझा परवाना काल रद्द झाला!"

"म्हणून तर आलो."

"आणि ती ट्रंक उघडतही नाही!"

कोल्हा मनापासून हसला. "उघडायला कोण सांगतंय, दादा? आमच्यातल्या निम्म्यांना चालवता येत नाही. ट्रंक फक्त वर ठेवा, दिसेल अशी."

चंद्राक्का दारात आली. "अहो, काल परवान्यासाठी रडत होतात ना?"

"होतो गं."

"मग जाऊ नका."

"नाही जात," दाजीबा म्हणाला. "फक्त नाक्यापर्यंत जाऊन येतो. बोलावलंय तर नाही म्हणणं बरं दिसत नाही."

लांडग्याच्या जीपमध्ये तो पुढे बसला. ट्रंक टपावर बांधली. बाजारातून जाताना दुकानदार उभे राहिले. कुणी "या, बंदूकवाले" म्हटलं नाही. सगळे गप्प होते आणि सगळे वाकत होते. नाक्यावर हुप्पे हवालदाराने बांबू वर केला आणि सलाम ठोकला. दाजीबाला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की त्याची मान खाली गेली. आणि मान खाली असतानाच त्याचा हात वर गेला आणि त्याने तो सलाम घेतला.

तात्पर्य : मुलांनो, परवाना जिवापाड जपावा. तो गेला की लोक मान द्यायला लागतात, आणि मग त्याची सवय लागते.