यंत्रात वारा शिरला व बाहेर काढिला त्याची हकीकत

शके १९२८, व्ययनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध द्वादशी, मुक्काम सावंतवाडी. तळ्यानजीकच्या पाणीतपास प्रयोगशाळेत जे युद्ध जाहले, त्यात रक्त सांडले नाही, नारळाचे पाणी मात्र सांडले. ते कैसे, हे येथे कलमबंद करितो.

मूळ कारण ऐसे. शिरोड्यास मथुराकाकी खानावळ चालवीत असत, आणि त्यांचे विहिरीस पेट्रोलाचा वास येऊ लागला. शेजारी परशुरामशेठ पंपवाले. शेठनी जाहीर केले की, पाणी निर्मळ, वास मथुरेच्या नाकात आहे. मग गावानेही तेच धरिले, आणि पोरेसोरे नाक चिमटीत धरोन खानावळीपुढून जाऊ लागली, आणि काकींनी विहिरीवर फळी टाकिली, चूल थंड केली, व पाण्याच्या कुप्या दसऱ्यापूर्वीच प्रयोगशाळेत दाखल केल्या. कुप्यांची मुदत द्वादशीस सरणार, पुढे त्यांची साक्ष कोणी मानणार नाही. सबब काकी खासा एसटीने येऊन बाकावर ठाण मांडोन बसल्या.

प्रयोगशाळेचे धनी राजमान्य राजश्री लवू सामंत. शस्त्र चालविणार स्वप्नाबाई केमिस्ट. शस्त्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. द्रव्याचे बारीक तुकडे करोन ज्याचे त्याचे वजन सांगणारे, पोटात हवेचा लवलेश न साहणारे. दस्तूर ऐसा की, कामाआधी बीएफबी नामे ओळखीचे द्रव्य आत सोडावे, मग पडद्यावर पंचाण्णव अंकाचा सुळका थोर उठावा, आणि एकशे चौऱ्याहत्तराने त्याचे निम्म्याहून वर मान काढावी. काढिली तर यंत्राची जबानी खरी. न काढिली तर नमुन्यास हात लावू नये.

त्या सकाळी एकशे चौऱ्याहत्तराने मान टाकिली. आणि अठ्ठाविसावर नायट्रोजन, बत्तिसावर ऑक्सिजन, म्हणजे खुद्द बाहेरचा वारा, छावणी करोन बसलेला दिसला. गनीम किल्ल्यात होता.

लवूसाहेबांनी फर्मान काढिले की, फरक थोडका, नमुना चालवावा. स्वप्नाबाईंनी अर्ज केला की, अर्धे दिसणाऱ्या यंत्राने काही दिसले नाही म्हटले, तर तो कागद परशुरामशेठ पंपावर चौकटीत लावतील. मग साहेब चष्मा पुसत राहिले.

"बाय, मशीन काय म्हणता गो?" बाकावरून पृच्छा जाहली.

"काकी, वारो खाता."

"खावंदे. माझी खानावळ बंद, ता तरी काय खातला?"

मग बाईंनी आर्गॉन वायूची बारीक नळी घेतली, आणि यंत्राचे सांधे एकेक करोन हुंगविले, आणि नळी त्याच्या दाराच्या कडेस जाताच चाळिसावर आर्गॉनाचा सुळका ताडकन उठला. फितुरी दाराशी होती. परंतु दार उघडिले कोणी? बाई तर सुट्टीत वालावलीस माहेरी. शिपाई धोंडूस पाचारण जाहले.

"खंडेनवमीक पूजेक उघडलंय," धोंडू म्हणाला. "सायबांनीच सांगितल्यानी. तलवार म्यानात ठेवन कोण पूजता रे, असा म्हणाले."

(येथे कागद शाई धरीत नाही. हा त्याच खोलीतला कागद, पूजेचा नारळ यावरच फुटला. लवूसाहेब तेव्हा काय बोलिले, ते या दोन ओळींत होते.)

यंत्र निववोन दार खोलिले. रबरी कड्याखाली झेंडूची एक पाकळी, दबोन पिवळ्या कागदासारखी झालेली. बाईंनी ती चिमट्याने उचलिली, कडे पुसोन बसविले, दार लाविले, आणि पंप वारा उपसू लागला, आणि कोणी जेवले नाही, आणि धोंडू देव्हाऱ्याकडे पाठ करोन उभा राहिला. दिवस कलता अठ्ठावीस ओसरला. मग बीएफबी सोडिले, आणि एकशे चौऱ्याहत्तर पाऊण उंचीस जाऊन ठाकला.

मग शिरोड्याचे पाणी आत गेले. पेट्रोलातले बेंझिन निघाले, मागोमाग टोल्युइन.

"आसा?" काकींनी विचारिले.

"आसा, काकी."

"पाण्यात?"

"पाण्यात."

विहीर गेली, हे काकींस कळले. मग त्यांनी अहवालाचा कागद घडी करोन पिशवीत ठेविला, व हात पुन्हा पुढे केला.

"आणि एक काड गो. शेठाक देतंय. चौकटीत लावंदे."

येणेप्रमाणे वारा हटला, यंत्र सत्यवचनी जाहले, अहवालाच्या दोन प्रती रवाना जाहल्या, आणि हुकूम सुटला की, पुढील खंडेनवमीस शस्त्राची पूजा म्यानासकट व्हावी. फत्ते दाखल केली.