कापूररावांनी अन्न टाकिले त्याची हकीकत

श्री.

ज्या आदिमायेने हत्तीस पोट दिले आणि मुंगीसही दिले, आणि दोहींचे भरण आपले शिरी घेतले, तिचे चरणी मस्तक ठेवोन हे वर्तमान लिहितो. शके सोळाशे ऐंशी, बहुधान्य नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. एका दौलतीत, जिचे नांव सांगण्याची आज्ञा नाही, एक डोंगरी किल्ला होता आणि त्याची किल्लेदारी हैबतराव यांजकडे होती. हैबतराव बहुत शूर मनुष्य. तीस वर्षे घोड्याचे पाठीवर काढिली, तोफांजवळ उभे राहोन राहोन डावा कान बधिर जाहला, बोलणे थोडे आणि मिशा मोठ्या, ऐशी मूर्ति. परंतु तीन वर्षांमागे त्यांचे कुटुंब राहीबाईसाहेब देवाघरी गेल्या, आणि तेव्हांपासोन रावसाहेबांचे चित्त अन्नावरोन उडाले. ताट येई आणि तसेच परत जाई. पुत्र मोहिमेवर दूर देशी गुंतले होते, आणि घरी सून गोजराबाईसाहेब मात्र होत्या. त्या रोज ताट वाढीत, पडद्याआड उभ्या राहात, आणि ताट परत आले म्हणजे आपणही अर्धपोटी उठत. मी गडाचे दफ्तरी कारकून. माझे नांव लिहीत नाही, कारण पुढे जे घडले त्यांत माझाही अपराध आहे.

ऐशी दोन वर्षे गेली, मग गोजराबाईसाहेबांनी माहेरी बंदरास पत्र धाडिले आणि तेथील व्यापाऱ्यांकडोन एक ससा मागविला. कापराचे वडीसारखा शुभ्र, डोळे गुंजेसारखे लाल, म्हणोन नांव कापूरराव ठेविले. पहिलेच दिवशी रावसाहेब ताटावर बसले असता कापूररावांची स्वारी उड्या घेत आली, ताटाचे कडेस पुढील पाय ठेविले, आणि भाकरीचा पापुद्रा ओढोन खाऊ लागली. रावसाहेब हांसले. दोन वर्षांत प्रथम हांसले. आणि एक घास त्यास दिला आणि एक आपण घेतला, आणि पुनः त्यास दिला आणि पुनः आपण घेतला, आणि ताट रिकामे परत गेले. पडद्याआड गोजराबाईसाहेबांनी पदर डोळ्यांस लाविला, हे मी स्वतां पाहिले.

तेव्हांपासोन कापूरराव खातील तर रावसाहेब जेवतील, ऐसे गडावर ठरोन गेले, आणि जो तो कापूररावांस खाऊं घालूं लागला. सबनीस पेढे आणीत, मुदपाकखान्यांतून साखरभात येई, हवालदार भिजले हरभरे देत, कोणी केळी, कोणी गूळ. मीही रजेचा अर्ज घेऊन गेलो तेव्हां सोबत अनारसा नेला, आणि रजा मिळाली. गवत मात्र कोणी देईना. गवत हे तट्टांचे खाणे, किल्लेदारांचे पंक्तीस बसणाऱ्याने ते कां खावे, ऐसा सर्वांचा विचार. पाणी ठेवीत ते रुप्याचे उंच गळ्याचे पात्रांत, आणि त्यांत केवड्याचे अत्तर. कापूरराव हुंगोन मागे सरत, आणि आम्ही म्हणत असूं की तहान नाही. आणि माझा अपराध तो हा. कापूरराव सकाळी आपले बुडाशी मान नेऊन मऊ लेंडी तोंडाने घेत आणि खात. ते पाहोन मजला लाज वाटली, की परके वकील पाहतील तर काय म्हणतील. म्हणोन मी जरीचा जाड गळपट्टा शिववोन त्यांचे मानेस बांधविला, की मान खाली वळूं नये. रावसाहेब म्हणाले, "शोभतो." मी धन्य जाहलो.

मग मार्गशीर्ष वद्य पक्ष लागला आणि कापूररावांच्या लेंड्या लहान होत चालिल्या, आधी वाटाण्याएवढ्या होत्या त्या मोहरीएवढ्या जाहल्या, आणि पंचमीचे दिवशी एकही दिसली नाही. मी पाहिले आणि कोणास सांगितले नाही, कारण ऐसी गोष्ट किल्लेदारांपुढे कोणत्या तोंडाने बोलावी. षष्ठीस सकाळी कापूरराव कोपऱ्यांत पाठ कुबडी करोन बसले, डोळे अर्धे मिटले, आणि दांत करकर वाजवीत. पेढा पुढे केला तो घेईनात. केळे दिले, तोंड फिरविले. रावसाहेबांनी ताट मागविले आणि कापूररावांपुढे ठेविले, आणि आपण मांडी घालोन वाट पाहात बसले, आणि भाकरी निवोन गेली. मग रावसाहेब उठले आणि ताट न शिवतां परत धाडिले. तेव्हां सर्व गडास भय पडले.

नारोपंत वैद्यांस बोलाविले. ते वृद्ध आणि खरे बोलणारे. त्यांनी कापूररावांस मांडीवर घेतले, बोटे लाविली, आणि मान हालविली. म्हणाले, "रावसाहेब, मी मनुष्याची नाडी जाणतो. याची पाहूं जातां बोटांखाली पाखरू फडफडते ऐसे वाटते. अंदाजाने मात्रा दिली आणि मेला तर मज तोंड दाखवितां येणार नाही. पागेस गवत पुरविणारी कोंडाबाई आहे. घोड्यांचे पोट दुखले म्हणजे मोतद्दार तिजलाच विचारितात. तिजला बोलवावे." हे म्हणण्यास वैद्यांस संकोच वाटला नाही, याचे मजला तेव्हां आश्चर्य वाटले.

कोंडाबाई आली. वय पन्नास, हातांवर गवताचे ओरखडे, कमरेस विळा. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, तो रावसाहेब म्हणाले, "आंत ये बाई. रीतभात मागाहून." तिने आंत येऊन कापूररावांकडे पाहिले आणि विचारिले, "लेंडी कवापासनं बंद हाय?" सर्व एकमेकांकडे पाहूं लागले. तेव्हां मी पुढे जाहलो आणि बोलिलो, "कालपासोन. त्याआधी चार दिवस लहान होत चालिली होती." "आन् ह्यो पट्टा कशापायी?" मी तेही सांगितले. तिने पट्टा सोडोन माझे हातीं दिला आणि म्हणाली, "ती मऊ लेंडी त्याचं दुसरं जेवान हाय, कारकुनदादा. गवताचा कस एका फेरीत त्याला लागत न्हाई, म्हनून त्यो पुन्यांदा खातो. रानातला ससा बी खातो. तुमी त्याचं जेवान तोडलं." मी मान खाली घातली.

मग तिने पोटावर हलके हात फिरविला आणि म्हणाली, "मळल्या कणकेवानी लागतंय, नगाऱ्यावानी ताठ न्हाई. आजून आशा हाय. धनी, तुमी घोडं ठेवलं. घोड्याचं पोट आडलं की काय करत व्हता?" तेव्हां तो तीस वर्षे घोड्यावर काढिलेला स्वार सशाजवळ जमिनीवर आडवा जाहला आणि उजवा कान त्याचे कुशीस लाविला. रावसाहेब म्हणाले, "कांही वाजत नाही. आंत सर्व निजले आहे."

"आसंच हुतं," कोंडाबाई म्हणाली. "घोडा वकत न्हाई, ससा बी वकत न्हाई. आत गेलेलं फुडंच सरकाया पायजे, आन् त्येला फुडं ढकलतं ते गवत. दिसभर चघळायचं, त्यानं पोट चालतं, दांत बी झिजत्यात. नायतर दांत वाढतच ऱ्हात्यात. गोड आन् पिठाळ खाऊन आत चिखल झालाय, आन् पानी न्हाई. आता ऊब, पानी, आन् गवताचा रस. आन् धनी, एक सांगते, राग धरू नगा. तुमच्या ताटातलं बंद करा."

रावसाहेब उठोन बसले. मुद्रा ऐशी जाहली की सबनीस दोन पावले मागे सरले. म्हणाले, "ताटातले बंद करूं? मग तो मजपाशी येईल कशास?"

हे वाक्य त्यांचे तोंडून निघाले आणि सर्वांस कळले की हे सशाविषयी आहे आणि केवळ सशाविषयी नाही. कोंडाबाई त्यांजकडे पाहोन शांतपणे बोलिली, "येतो का न्हाई, ते ताट काढल्याबिगर कसं कळायचं, धनी?"

रावसाहेब म्हणाले, "सांग काय करावयाचे."

मग उन्हांत घोंगडी अंथरली आणि त्यावर कापूररावांस बसविले. कोंडाबाईने हरळी आणि कोथिंबीर वाटोन रस गाळिला आणि कोमट पाणी मागितले, परंतु पाजावे कशाने हे सुचेना. तेव्हां गोजराबाईसाहेब आंत गेल्या आणि आपले पेटीतून लहान मुलास दूध पाजावयाचे रुप्याचे बोंडले काढोन घेऊन आल्या. ते कोणासाठी ठेविले होते आणि कां वापरिले गेले नाही, हे गडावर सर्वांस ठाऊक होते. रावसाहेबांनी बोंडल्याकडे पाहिले आणि सुनेकडे पाहिले, आणि पुनः खाली पाहूं लागले. बाईसाहेब पाजूं लागल्या. कोंडाबाई सांगे, "गालाकडनं घाला, थेंब थेंब. नरड्यात वतू नगा, छातीत जाईल. गिळंस्तवर थांबा." पहिले तीन थेंब हनुवटीवरोन ओघळले. चवथा गिळला. आणि मध्येमध्ये रावसाहेबांनी आपले राठ हात चोळोन ऊन करावे आणि पोट पुढून मागे हलके चोळावे, आणि मग त्यास चार उड्या मारावयास लावावे, आणि पुनः थेंब. ऐसे दिवसभर चालिले. रावसाहेबांनी दरबार केला नाही, आणि कोणी अर्ज आणिला नाही. दर घटकेस कान लावीत आणि मान हालवीत. दिवस मावळतीस आला तेव्हां एकदां कान लाविला तो उचलीनातच. आम्हांस वाटले आटोपले. मग हलकेच म्हणाले, "गोजरा, ऐक. वाजले." बाईसाहेबांनी तेथेच कान लाविला, आणि सासरा आणि सून सशाचे दोहीं बाजूंस डोके टेकोन ऐकत राहिली.

सप्तमीस सूर्योदयास घोंगडीवर सात लेंड्या पडल्या होत्या, लहान आणि काळ्या. मी मोजिल्या, आणि जे सांगण्यास पूर्वी लाजलो ते धावत जाऊन सदरेवर मोठ्याने सांगितले. नगारखान्याकडोन विचारणा आली की नगारा करावा काय. रावसाहेब म्हणाले, "नको, दचकेल." प्रहर दिवसास कापूररावांनी मारवेल गवताची एक काडी आपण होऊन ओढिली.

मग रावसाहेबांनी मज बसवोन हुकूम लिहविला. कापूररावांस त्यांचे देहाएवढा वाळल्या गवताचा ढीग अष्टौप्रहर असावा, मारवेल आणि हरळी, कुसळी नसावी कीं तोंडास टोचते. ओला पाला मूठभर, एकदम बहुत नको. फळ बोटाचे पेराएवढे, तेही सणास. पाणी साधे, रोज नवे, मातीचे रुंद परळांत. लेंडी रोज पाहावी आणि उणी दिसतां तत्क्षणी कळवावे, लाजूं नये. पेढे आणणाराने आपले पेढे आपण खावे.

परंतु ताटाची गोष्ट राहिली होती. अष्टमीस रावसाहेब रिकाम्या हातांनी आपले जागी बसले. कापूरराव आले, जागा हुंगिली, ताट नाही ऐसे पाहोन निघोन गेले. रावसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. नवमीस कापूरराव दुरून पाहोन गवत चघळीत राहिले. गोजराबाईसाहेब पडद्याआड उभ्या होत्या, परंतु त्यांनी ताट वाढिले नाही. दशमीस रावसाहेब बसले आणि डोळे मिटोन घेतले. मग कापूरराव आले, त्यांचे पायांस एक फेरी घातली, हनुवटी अंगठ्यावर घासली, आणि तेथेच पाय पसरोन कुशीवर पडले. खावयास कांही नव्हते. रावसाहेब बहुत वेळ हालले नाहीत, पायास मुंग्या आल्या तरी हालले नाहीत. मग तोंड पडद्याकडे करोन विचारिले, "गोजरा, तूं जेवलीस काय?"

तीन वर्षांत हे त्यांनी प्रथम विचारिले. आंतून उत्तर आले, "नाही, मामंजी." "मग दोन ताटे वाढ. मज येथे दे, आणि तूं पडद्याआड न राहतां समोर बैस." आणि तैसे जाहले. कापूरराव निजलेच होते.

कापूरराव पुढे सहा वर्षे सुखरूप होते आणि म्हातारपणी गेले. कोंडाबाईस कापूररावांचे देखरेखीस नेमिले, आणि मजला रोज सकाळी लेंड्या मोजण्याचे काम मिळाले, ते मी निष्ठेने केले. रावसाहेबांची माया आधीही खरी होती आणि मागाहूनही खरी. मागाहूनची त्यास पचली, इतकाच भेद. जे पाहिले तेवढे लिहिले. येथे कागद संपला.